चवीपुरती चर्चा

टीव्हीवर दाखवलेल्या पदार्थाची चव प्रेक्षकाला कळत नाही. वास येत नाही, मीठ कमी पडलं की जास्त ते समजत नाही, मिरचीच्या फोडणीचा ठसका लागून कोणी शिंकतही नाही. तरी तो पदार्थ जमला की फसला, याचा निकाल त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत लागलेला असतो. निकाल देतात त्या घराघरांतल्या बायका, आणि ज्या रीतीने देतात तिला चर्चा म्हणतात. अशी चर्चा महाराष्ट्रात सगळीकडे चालते. राहात्यात ती विशेष धडधाकट आहे.

राहाता हे अहिल्यानगर जिल्ह्यातलं, नगर-मनमाड रस्त्यावरचं, शिरडीला खेटून असलेलं तालुक्याचं गाव. भोवती पेरू आणि डाळिंबाच्या बागा, ऊस, कांदा, दूध. तालुका झाला 1999 साली. संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ झी टीव्हीवर 1993 मध्येच सुरू झाला होता. म्हणजे तहसील कचेरीला पाटी लागण्याआधी सहा वर्षं इथे ‘शाही पनीर’ या विषयावर मतभेद होऊ शकत होते.

त्याआधी पाककृती छापून येत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं हजार पाकक्रियांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 चं, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 ची. 1973 पासून ‘कालनिर्णय’ही भिंतीवर आलं आणि महिना उलटला की पाठीमागचा पदार्थ पुढे येऊ लागला. पण छापील मजकुराशी भांडता येत नाही. ‘रुचिरा’शी तर नाहीच, कारण तिच्यातलं वाटी-चमच्याचं प्रमाण घेतलं की पदार्थ तसाच होतो, आणि मग बोलायला काही उरत नाही. टीव्हीने पाककृतीला माणूस जोडला. त्या माणसाला चेहरा होता, अंगावर साडी होती, हातात बांगड्या होत्या, आणि पोळी लाटायची त्याची एक तऱ्हा होती. पाककृतीत खोट सापडली नाही तरी साडीत सापडू शकते, हे लक्षात आलं आणि चर्चेचा पाया घातला गेला.

तिच्या भरभराटीला मात्र वीज मंडळाचा हातभार लागला. झी मराठीवर ‘आम्ही सारे खवय्ये’ 2007 मध्ये सुरू झाला, तेव्हा राज्यात भारनियमन ऐन भरात होतं. या दोन घटनांचा संबंध पाककलेच्या इतिहासात सहसा कोणी लावत नाही. पण वीज फीडरप्रमाणे वेगवेगळ्या वेळी जाई, त्यामुळे गावातल्या एका भागाला पदार्थाचा आरंभ दिसे आणि पलीकडच्या भागाला शेवट. पाहुणी बाई ‘आता यात आपण घालूया’ म्हणाली आणि लाइट गेली, तर काय घातलं हे कळायला दुसऱ्या फीडरवरची मैत्रीण गाठावी लागे. ज्या बाईचं माहेर साकुरीत आणि सासर राहात्यात तिला त्या काळात मोठा मान होता, कारण एका फोनवर तिच्याकडे दोन्ही अर्धे जमत. जिला अशी सोय नव्हती ती सोमवारच्या पदार्थाचा पहिला अर्धा आणि मंगळवारच्या पदार्थाचा दुसरा अर्धा जोडून मोकळी होई. कोथिंबीरवडीवर शेवटी केशराचं दूध शिंपडण्याची कल्पना दुसऱ्या कोणत्या मार्गाने सुचेल, हे सांगणं कठीण आहे.

चर्चेच्या जागा ठरलेल्या आहेत. पिठाची गिरणी ही पहिली, कारण तिथे डबा रांगेत ठेवला की हात रिकामे होतात. मात्र गिरणीच्या घरघरीत बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. म्हणून तिथली चर्चा लांबून ऐकणाऱ्याला भांडण वाटते, आणि कधी कधी ते असतंही. बचत गटाच्या बैठकीत हप्ता, कर्ज आणि सह्या आटोपल्या की आयत्या वेळच्या विषयात पाककृती येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात ती उभ्याउभ्या होते. पण सगळ्यांत सखोल चर्चा उन्हाळ्यातल्या वाळवणाच्या वेळी. गव्हाचा चीक शिजवून कुरडया घालायला पाच-सात जणी गच्चीवर जमतात, हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. त्या सुमारास एखाद्या वाहिनीने ‘गहू न भिजवता झटपट कुरडई’ दाखवली की दिवस कसा गेला ते कळत नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्याचा चीक काढायचा, हा खटाटोप सत्त्व मोकळं व्हावं आणि कुरडई तेलात फुलावी म्हणून असतो. तीन दिवसांचं काम दहा मिनिटांत उरकणारी कुरडई या सभेत आधी नापास होते आणि कारणं नंतर शोधली जातात.

चर्चेला बसणाऱ्या बायकांत तीन प्रकार आढळतात. एक पाहिलेली, दुसरी करून बघितलेली, आणि तिसरी, जिने पाहिलंही नाही आणि केलंही नाही, पण वयाने मोठी आहे. पहिलीकडे माहिती असते, दुसरीकडे अनुभव असतो, निर्णय तिसरीचा असतो. तिचं एकच वाक्य असतं: ‘आमच्यात असं नाही करत.’ या वाक्यावर अपील नाही. पुढे कोणी ‘पण आत्याबाई, टीव्हीवर दाखवलं ना’ म्हणालीच, तर ‘टीव्हीवर काहीही दाखवतात, काल त्या मालिकेतली मेलेली बाई परत आली’ असं उत्तर मिळतं, आणि ते खरं असल्यामुळे वाद मिटतो.

आता पुरावा. चव कळत नसताना पदार्थाची परीक्षा होते कशी? ती चाखणाऱ्याच्या चेहऱ्यावरून होते. ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये घरोघरच्या सुगरणी पदार्थ करत आणि प्रशांत दामले तो खात. कार्यक्रमात कोणी पाहुणीला ‘जमलं नाही हो’ म्हणणार नाही, हे प्रेक्षक बायकांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या स्वतः हळदीकुंकवाला जाऊन शेजारणीच्या उपम्याला छान म्हणून आलेल्या असत. म्हणून शब्द बाजूला ठेवून त्या चेहरा वाचत. घास गिळण्याआधी आलेली दाद ग्राह्य धरायची नाही. दुसरा घास मागितल्याशिवाय घेतला तर पदार्थ वहीत उतरवायचा. चव घेताघेता गाण्याकडे किंवा ब्रेककडे वळलं तर तो सोडून द्यायचा. या पद्धतीत एक अडचण होती. समोरचा माणूस हजारो नाट्यप्रयोग केलेला कसलेला नट. त्याच्या चेहऱ्यावर विसंबावं किती? यावर राहात्यात दोन तट होते. दोन्ही तट कार्यक्रम मात्र नेमाने बघत.

पुढे डिसेंबर 2021 मध्ये त्याच वाहिनीवर ‘किचन कल्लाकार’ आला. त्यात कलाकार स्वयंपाक करू लागले, संकर्षण कऱ्हाडे सूत्रसंचालनाला, आणि दामले महाराज होऊन न्यायाला बसले. पदार्थ शिकण्याच्या दृष्टीने कार्यक्रम अडचणीचा होता, कारण कलाकारांनाच पदार्थ येत नसे; चर्चेच्या दृष्टीने तो मेजवानी होता. मालिकेत दिवसभर सुनेला बोलणारी सासू भाकरी थापताना कशी गोंधळते, हे पाहून कित्येक सुनांच्या मनाला जो थंडावा मिळाला असेल, तो कुठल्याही सरबताने मिळाला नसता.

ई टीव्ही मराठीवरच्या, म्हणजे 2015 पासूनच्या कलर्स मराठीवरच्या ‘मेजवानी’तल्या विष्णू मनोहर यांचं प्रकरण निराळं. हा नागपूरचा माणूस हातात उलथनं सफाईने धरतो, हे सगळ्यांना मान्य होतं. एप्रिल 2017 मध्ये त्यांनी नागपुरात सलग 53 तास स्वयंपाक करून विक्रम केला. कौतुक राहात्यातही होण्यासारखंच होतं, पण घरच्या स्वयंपाकाच्या हिशेबात हा आकडा थोडा वेगळा दिसतो. 53 तासांत दारावर दूधवाला आला नाही, गॅसची टाकी संपली नाही, कोणाच्या डब्याची घाई नव्हती, आणि अकराशे मैलांवरून आलेल्या थाटात दारात उभं राहून ‘जेवणाचं काही करू नका, फक्त चहा’ म्हणणारे पाहुणे नव्हते. विक्रमाच्या नियमांत पाहुण्यांचा समावेश झाला तर नोंदवही घेऊन नगर जिल्ह्यात यावं लागेल.

टीव्हीच्या स्वयंपाकघराबद्दल मात्र कधीच मतभेद होत नाहीत. तिथे हळदीला एक काचेची वाटी, तिखटाला एक, जिऱ्याला एक, चिरलेल्या कांद्याला एक, लसणीला एक. साध्या बटाट्याच्या भाजीला बारा-चौदा वाट्या सहज होतात. पदार्थ होतो, दाद मिळते, पाटी येते आणि कार्यक्रम संपतो. या वाट्या कोण घासतं, हे एकाही भागात दाखवलेलं नाही. ओट्यावर कोणाचा टोमॅटो घरंगळत नाही, दूध उतू जात नाही, मिक्सरचं झाकण उडत नाही. ‘आपण हे आधीच करून ठेवलंय’ असं म्हणत खालून तयार पदार्थ काढण्याची सोय तर स्त्रीजातीला कधीच मिळालेली नाही, असं अनेकींचं म्हणणं आहे.

मापाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. टीव्हीवर कप आणि टीस्पून असतात, घरात वाटी असते, आणि वाटी कोणाच्या ना कोणाच्या लग्नातल्या आहेराची असते. तिच्यावर नाव आणि तारीख कोरलेली असते. परिणामी ‘रव्याला नणंदेच्या लग्नाची वाटी घे, साखरेला तुझ्या बारशाची’ असा हिशेब होतो, आणि तो घराबाहेर कोणाच्याही उपयोगाचा नसतो. वेळेचंही तसंच. ‘मंद आचेवर सात मिनिटं’ याचं राहात्यातलं भाषांतर ‘कडेनं तेल सुटस्तोवर’ असं होतं, आणि तेच अधिक बिनचूक आहे. घड्याळाला कांदा दिसत नाही. मिठाला मात्र सगळ्या वाहिन्यांनी ‘चवीपुरतं’ म्हणून हात झटकले आहेत. ज्या एका बाबतीत सल्ला हवा असतो, नेमका तिथेच सल्लागार गप्प बसतो.

सगळं लिहून घ्यायची वही बहुधा पतसंस्थेची किंवा साखर कारखान्याची डायरी असते. याच तालुक्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून या भागात सहकार मुरला आहे, आणि त्याची फळं घरोघर वाटल्या जाणाऱ्या डायऱ्यांच्या रूपानेही दिसतात. सभासदाच्या ठेवींसाठी छापलेल्या रकान्यांत ‘मैदा 2 वाटी, बे. सोडा चिमूट’ लिहिलेलं सापडतं. बेरीज कोणी करत नाही.

यानंतर दुरुस्तीचं काम सुरू होतं. टीव्हीवरचा पदार्थ राहात्यातल्या कढईत पडेपर्यंत त्याचं काय होतं, ते कोफ्ता करीच्या उदाहरणावरून पाहता येईल. मूळ कृतीत काजूची पेस्ट असते. काजू महाग, म्हणून शेंगदाण्याचा कूट येतो. क्रीम आणायला कोण जाणार, म्हणून साय येते. पाहुणे आले तर ती चहाला लागेल, म्हणून तीही जाते. गरम मसाल्याच्या जागी घरचा काळा मसाला पडतो, कारण तो उन्हाळ्यात कुटून बरणी भरून ठेवलेला असतो आणि कुठेतरी संपवायचाच असतो. लसूण कृतीत नसतेच, ती न विचारता पडते. तेल टीव्हीवर दोन चमचे. इथे वर तवंग दिसल्याशिवाय रस्सा पूर्ण झाला असं धरत नाहीत. शेवटी शेजारी बाजरीची भाकरी येते आणि कोफ्ता करीची वड्यांची आमटी झालेली असते. ती फार चांगली लागते. श्रेय टीव्हीला मिळतं.

बेक करायच्या पदार्थांत ही दुरुस्ती यंत्रापर्यंत जाते. ‘ओव्हन 180 अंशांवर गरम करून घ्या’ म्हटलं की कुकर बाहेर निघतो. शिट्टी आणि रिंग काढून तळाला मीठ पसरायचं, त्यावर स्टँड, वर भांडं. मीठ उष्णता सावकाश आणि सारखी पोचवतं, म्हणून केक खालून करपत नाही. हे मीठ परत स्वयंपाकात वापरू नये, ते पुढच्या केकसाठी बरणीत भरून ठेवावं. बरणीवर चिठ्ठी लावायला विसरलेल्या घरातल्या आमटीबद्दल इथे बोलायला नको.

पास्त्याच्या बाबतीत राहात्याची बाजू थोडी सविस्तर मांडायला हवी. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालून वळलेले शेंगोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि दाटसर झालेल्या त्याच पाण्यासकट खायचे, ही या भागातली जुनी रीत. टीव्हीवर पास्ता प्रथम दिसला तेव्हा जुन्या बायकांनी तो ओळखला: परदेशातले शेंगोळे, चव विसरलेले. पण शिजवल्यावर त्याचं पाणी मोरीत ओतलेलं पाहून त्यांचा जीव कळवळला. ‘अगं, ती काय करू राहिली? सगळं सत्त्व फेकू राहिली!’ तक्रार पूर्ण शास्त्रीय होती. त्या पाण्यात पिठातला स्टार्च उतरलेला असतो, त्याने रस्सा मिळून येतो, आणि इटलीतले स्वयंपाकीही ते वाटीभर राखून सॉसमध्ये घालतात. पास्ता दाताखाली किंचित कडक राहिला पाहिजे, ही दुसरी सूचना मात्र राहात्याने साफ फेटाळली. दाताखाली कडक लागतं त्याला इथे कच्चं म्हणतात.

2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा उलट्या दिशेने एक नवल घडलं. सगळ्या वाहिन्यांवर अचानक बाजरी अवतरली. तिला मिलेट म्हणत, तिचा पिझ्झा होई, केक होई, आणि पाहुण्या तज्ज्ञ ती पचायला कशी चांगली ते समजावून सांगत. ज्या घरात थंडीभर रोज दोन वेळा बाजरीची भाकरी थापली जाते, तिथे ही माहिती चुलीला अग्नीचे फायदे सांगितल्यासारखी पोचली. बाजरीत ग्लूटेन नसतं, म्हणून पीठ गरम पाण्यात मळावं लागतं आणि भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. शिवाय पिठातल्या तेलामुळे ते लवकर कडवट होतं, म्हणून दळण थोडंथोडं आणायचं. महिनाभर जुन्या पिठाचा मिलेट केक ज्यांनी केला, त्यांना हे पुन्हा सांगावं लागलं नाही.

जून 2017 मधला शेतकरी संप याच तालुक्यातल्या पुणतांब्यातून सुरू झाला. शहरांकडे जाणारं दूध आणि भाजीपाला थांबला. टीव्हीवरच्या पनीरच्या कृतींना त्या आठवड्यात राहात्यात जेवढी जागा मिळू शकत होती, तेवढी आधी किंवा नंतर नव्हती. कधी नव्हे ते दूध जास्त आणि कृती कमी पडायची वेळ होती.

शिरडी शेजारी असल्याने राहात्याच्या बायकांना तुलनेची एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना नाही. देवस्थानाच्या प्रसादालयात 2009 साली 73 सौर तबकड्या बसवून वाफेवर स्वयंपाक सुरू झाला, आणि तिथे रोज हजारो माणसं जेवतात. ‘चार जणांसाठी’ असं म्हणून पाव किलो पनीर शिजवणाऱ्या शेफची मातब्बरी इथे त्यामुळे बेताचीच वाटते. शिवाय आंध्र-तेलंगणातून येणाऱ्या भाविकांसाठी शिरडीत तेलुगू पाट्यांची हॉटेलं आहेत. टीव्हीवर कोणी सांबार केलं की ‘शिरडीत असं नसतं’ एवढं म्हटलं की पुरतं. शिरडीचं सांबार कुणी खाल्लंय, हे विचारायचं नसतं.

एकाच विषयावर राहाता कुठल्याही वाहिनीचं ऐकत नाही, आणि तो म्हणजे पेरू. पेरूची जेली करताना फार पिकलेली फळं घ्यायची नाहीत. अर्धवट पिकलेल्या, आंबटसर फळांत पेक्टिन जास्त असतं, त्याने जेली धरते. फोडी शिजवून रस कापडातून आपोआप गळू द्यायचा, पिळायचा नाही, नाहीतर जेली गढूळ होते. मग साखर, लिंबाचा रस, आणि चमच्यावरून पडणारे थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे ओघळेपर्यंत आच. उरलेला चोथा चाळून त्याची वडी करायची. गोव्यात या वडीला पेराद म्हणतात. एका कार्यक्रमात हाच पदार्थ ‘ग्वावा चीज’ या नावाने आला, तर यात दूध कुठे आहे याचा शोध पुढे आठवडाभर चालू शकतो.

पुरुषांचा या चर्चेत भाग नसतो. ते ताटावर बसतात, नवीन पदार्थाकडे पाहतात, ‘हे काय?’ विचारतात आणि खाऊन झाल्यावर ‘बरंय’ म्हणतात. या एका शब्दाचे अर्थ लावण्यात दुसऱ्या दिवशीची गिरणीतली वेळ जाते.

आता भारनियमनाची ती तऱ्हा राहिलेली नाही. मधुरा बाचल यांच्यासारख्यांची यूट्यूबवरची कृती हवी तिथे थांबवता येते, मागे नेता येते, कणकेच्या बोटाने पुन्हा सुरू करता येते. आता चर्चा संपेल, असं काहींना वाटलं होतं. झालं इतकंच, की पूर्वी एका पदार्थाच्या दोन अर्ध्यांवर वाद होई, आता एका पदार्थाच्या चाळीस कृतींवर होतो. तेव्हा राहात्यात कोणी ‘ती कालची रेसिपी करून पाहिली का?’ असं विचारलं, तर घाईत असलेल्या माणसाने ‘नाही’ म्हणून पुढे जावं. ‘हो’ म्हणायचं असेल तर दळणाचा डबा खाली ठेवून मगच म्हणावं.